फुलं भरपूर, फळ एकही नाही: गच्चीवरच्या भाज्यांना फळ का धरत नाही?

माझ्या पहिल्या दुधीला पहिल्या वर्षी एकही फळ धरलं नाही. वेल मात्र देखणा होता. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीत लावलेला, गच्चीच्या कठड्यावरून पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलेला, पंजाएवढी हिरवीगार पानं. जुलैअखेर फुलं सुरू झाली. रोज पाच-सहा पांढरी फुलं, आणि दुसऱ्या दिवशी तितकीच कोमेजून खाली पडलेली. मी दुकानातून फूलगळीचं औषध आणलं. मग टॉनिक आणलं. मग कुणी सांगितलं म्हणून आंबट ताक पाण्यात घालून फवारलं. ऑगस्ट असाच गेला. शेवटी आईला फोन केला. वाईजवळच्या आमच्या गावी परसात तिने वर्षानुवर्षं दुधी, दोडका, घेवडा पिकवलाय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फुलाच्या मागं बारका दुधी असतो, तो दिसतो का गं तुला?"

तोपर्यंत मी फुलाच्या मागे बघितलंच नव्हतं.

आता सोसायटीतल्या, ओळखीतल्या नव्या बागकाम करणाऱ्यांकडून दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो: फुलं येतात, फळ धरत नाही, काय फवारू? प्रश्न एकच असला तरी दुधीचं उत्तर वेगळं, टोमॅटोचं वेगळं, वांग्याचं तिसरंच. फूल गळणं हा रोग नव्हे. झाड काहीतरी सांगत असतं आणि ते फुलाकडे बघूनच कळतं. पाच मिनिटं फूल नीट न्याहाळलं तर बहुतेक वेळा बाटली आणावीच लागत नाही. म्हणून माझ्याकडून चुकलेलं आणि नंतर जमलेलं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. अनुभव पुण्याच्या हवेतला, कुंड्यांमधला आहे.

गळतंय ते नक्की काय?

खाली पडलेलं फूल उचला आणि त्याची मागची बाजू बघा.

दुधी, काकडी, कारलं, दोडका, भोपळा यांचं फूल असेल आणि मागे नुसता बारीक सरळ देठ असेल, तर ते नर फूल. त्याचं काम एका दिवसाचं. ते गळणारच आणि गळायलाच हवं. त्यासाठी काहीही फवारायचं नाही.

मागे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, लव असलेलं फळ दिसत असेल आणि ते टोकाकडून पिवळं पडून सुकलं असेल, तर ते मादी फूल होतं आणि त्याला पराग मिळाले नाहीत. हे हाताने करता येतं, खाली सविस्तर लिहिलंय.

फळ बोटाएवढं किंवा त्याहून मोठं झालं आणि मग मऊ पडून सडलं, त्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि डिंकाचा थेंब दिसला, तर फळ धरलं होतं, ते फळमाशीने नेलं. त्याचा इलाज पूर्ण वेगळा, तो शेवटी.

आणि टोमॅटो किंवा मिरचीचं फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं होऊन अलगद तुटून पडत असेल, तर ऊन, पाणी, खत आणि फुलकिडे या चौघांपैकी कुणीतरी आहे.

वेलवर्गीय भाज्या: फूल उमलायची वेळ पाळा

आईने पुढे जे सांगितलं ते कोणत्याच दुकानात मला कुणी सांगितलं नव्हतं. दुधी संध्याकाळी फुलतो. उन्हं उतरली की कळी उघडायला लागते, रात्रभर फूल ताजं असतं, सकाळी ऊन चढलं की मिटतं. पांढरं फूल, अंधारात दिसेल असं, कारण त्याच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे मुख्यतः पतंग. आमच्यासारख्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर हे पतंग फारसे पोचत नाहीत. गावाकडे परसातल्या मांडवावर कुणी काही न करता दुधी लागतात, आणि शहरात तेच बी लावून काही लागत नाही, यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. मी सकाळी सात वाजता मोठ्या उत्साहाने ब्रश घेऊन गच्चीवर जायचे तेव्हा पराग आणि फूल, दोन्ही शिळे झालेले असायचे.

दोडक्याचं (मुंबई-कोकणात शिराळं म्हणतात ते) पिवळं फूलही संध्याकाळचंच. पडवळाचं झालरीचं पांढरं फूलसुद्धा संध्याकाळीच उमलतं. उलट घोसाळं, कारलं, काकडी आणि लाल भोपळा ही सकाळची मंडळी. त्यातला भोपळा सगळ्यांत आधी, पहाटेच उघडतो. नऊ-दहा वाजेपर्यंत त्याचा दिवस संपलेला असतो. दोडका आणि घोसाळं इतके सारखे वेल, पण एक संध्याकाळचा आणि एक सकाळचा. दोन्ही एकाच मांडवावर लावले असतील तर हे लक्षात ठेवाच.

हाताने परागीभवन असं करते. दुधीसाठी साडेसहाच्या सुमाराला गच्चीवर जायचं. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकायच्या. मध्ये परागांनी भरलेला दांडा राहतो. बोट लावलं तर पावडर लागली पाहिजे; लागली नाही तर ते फूल अजून तयार नाही किंवा भिजलंय. मग मादी फुलाच्या मधोमध जो जाडसर, तीन पाळ्यांचा चिकट भाग असतो, त्याच्या तिन्ही पाळ्यांवर हा दांडा हळुवार टेकवून फिरवायचा. घासायचं नाही. एका नर फुलात दोन मादी फुलं सहज होतात. त्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधून ठेवते, म्हणजे कोणतं हाताने केलं ते कळतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी निकाल दिसतो. जमलं असेल तर फळ चकाकतं, देठ जाड होतो आणि फळ खाली झुकायला लागतं. फसलं असेल तर टोक पिवळं पडतं. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत फसलं तर थांबू नका. माझं चौथं जमलं होतं.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. परागावर पाणी पडलं की तो निकामी होतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत मी दुपारीच त्या संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या हेरून ठेवते. पाकळ्यांचं टोक हिरवट जाऊन पांढरं दिसायला लागलं की ती कळी त्याच संध्याकाळची. अशा एक नर आणि एक मादी कळीवर कागदाची छोटी टोपी घालते, परागीभवन झालं की मादी फुलावर ती पुन्हा घालते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढते.

काकडी, कारलं, घोसाळं यांना सकाळी सात ते नऊच्या दरम्यान हेच करायचं. कारल्याचं फूल नाजूक असतं, तिथे रंगकामाचा मऊ ब्रश बरा. पराग त्याच भाजीच्या वेलाचा हवा. भोपळ्याचा नर दुधीच्या मादीला चालत नाही. काकडीच्या काही संकरित जाती शेडनेट-पॉलिहाउससाठी केलेल्या असतात आणि त्यांना परागाशिवायच फळ धरतं. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एका वेलावर नर आणि मादी फुलं एकाच दिवशी उमलतील याची खात्री नसते, म्हणून जागा असेल तर दुधीचे दोन वेल लावा.

नुसती नर फुलंच येतात

वेलाला आधी नर फुलंच येतात. पहिले दहा-पंधरा दिवस मादी फूल दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. त्यानंतरही दिसलं नाही तर दोन गोष्टी तपासा.

एक, खत. पानं गर्द हिरवी, मोठाली, वेल रोज वीतभर वाढतोय आणि मादी फूल नाही, हे जास्त नत्राचं (नायट्रोजनचं) लक्षण. नव्या माणसाकडून हे प्रेमापोटी होतं. दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं पाणी, मध्येच गांडूळखत, वर जीवामृत, आणि कुणी सांगितलं म्हणून चमचाभर युरिया. यातलं प्रत्येक आपापल्या जागी ठीक, पण फुलोऱ्याच्या वेळी सगळं मिळून झाड पानांतच रमतं. तीन आठवडे नत्राचं काहीही देऊ नका. त्या काळात मूठभर चाळलेली लाकडाची राख कुंडीच्या कडेने मातीत मिसळून पाणी द्या (दर आठवड्याला नको, राखेने माती अल्कधर्मी होते), किंवा रासायनिक खत वापरत असाल तर ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम.

दोन, शेंडा. दुधीला मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बगलफुटींवर जास्त येतात. म्हणून वेल कमरेच्या वर गेला, दहा-बारा पानं झाली की मुख्य शेंडा खुडायचा. त्याला फुटवे येतात. हल्ली फुटव्यांचेही शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर फळं घ्यायची पद्धत चालते, तिला 'थ्री जी कटिंग' म्हणतात. जमिनीत किंवा मोठ्या ड्रममध्ये ती चांगली चालते. २० लिटरच्या बादलीत मी ती करून बघितली आणि आता करत नाही. मादी फुलं भरपूर आली, पण त्यांना पोसायला मुळांना जागाच नव्हती. एक-दोन फळं धरली आणि बाकीची सुपारीएवढी होऊन पिवळी पडली. बादलीतल्या वेलाचा शेंडा एकदाच खुडा आणि एका वेळी दोन फळं वाढू द्या. दुधीला खरं तर ४० ते ५० लिटरचा अर्धा ड्रम हवा. ही एक गोष्ट मला पहिल्या वर्षी कळली असती तर बराच मनस्ताप वाचला असता.

जाता जाता एक महत्त्वाचं. घरचा दुधी किंवा काकडी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ पूर्ण फेकून द्या. मीठ लावून, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत. आपण कष्टाने पिकवलेलं फळ टाकवत नाही, पण इथे मन घट्ट करा.

टोमॅटो: झाडाला नव्हे, महिन्याला दोष द्या

टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे ब्रश घेऊन इकडून तिकडे नेण्याची गरज नाही. फुलाच्या मधोमध पिवळ्या परागकोशांची शंकूसारखी नळी असते. पराग त्या नळीच्या आत सांडतो आणि सांडायला धक्का लागतो. वारा हा धक्का देतो, आणि काही भुंगे फुलाला धरून अंग थरथरवून देतात. काचा लावलेल्या बाल्कनीत वाराही नाही आणि भुंगाही नाही. तिथे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, फूल कोरडं झालं की, घोसाच्या देठाला मागून बोटाने दोन-तीन टिचक्या मारायच्या. रोज. बॅटरीवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तर आणखी चांगलं. माझ्या बहिणीने ठाण्याच्या बंदिस्त बाल्कनीत एवढ्या एका सवयीवर चेरी टोमॅटो काढलेत.

हे करूनही फुलं गळत असतील तर थर्मामीटर बघा. दिवसाचं तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचं २१ ते २४ च्या वर राहायला लागलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही. फूल येतं, गाठीपाशी पिवळं होतं आणि पडतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० वर जातो, नागपूर-चंद्रपूरकडे त्याच्याही बराच वर. या काळात कोणतंही टॉनिक परागाला वाचवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हौसेने रोपं आणून लावणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते ती यामुळे. रोप लावलंच असेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट दुपारच्या उन्हाकडून बांधा, कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, मातीवर पाचोळ्याचा चार बोटं थर द्या आणि झाड जगवा. हवा निवळली की तेच झाड पुन्हा धरतं.

नव्याने सुरू करणाऱ्याने टोमॅटोचं बी सप्टेंबरात टाकावं, ऑक्टोबरात रोप मोठ्या कुंडीत हलवावं. फळं डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतात. कडाक्याच्या थंडीतही फळ धरणं मंदावतं, रात्री १३ अंशांच्या खाली जायला लागल्या की. नाशिक-निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा ५-६ वर येतो तेव्हा गळ दिसली तर घाबरू नका, ती लाटेबरोबर ओसरते. मुंबई-कोकणात अडचण दमटपणाची असते. पराग ओला होऊन गोळा होतो, सांडत नाही. तिथे पावसाळ्यात टोमॅटोच्या मागे लागण्यापेक्षा काकडी, पडवळ, शिराळी यांचा मांडव घालावा. कोकणातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलंय.

फळ धरलं, वाढलं आणि बूड काळं पडून चामड्यासारखं झालं, तर तो फूलगळीचा प्रश्न नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच जातं. एक दिवस कुंडी ठणठणीत कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हे होतं. अंड्याची टरफलं टाकून त्या हंगामात काही फरक पडत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. पाणी नियमित करा, पुढची फळं स्वच्छ येतात.

मिरची

मिरचीचं फूल गळण्यामागे पाण्याची अनियमितता आणि फुलकिडे ही दोन कारणं मी सर्वांत जास्त बघितलीत. कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत फसगत होते. वरचा थर वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो. आपण वरून बघून रोज पाणी घालतो, मुळं गुदमरतात, फुलं पडतात. बोट दोन पेरं आत घाला. बोटाला ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडी हलवता येत असेल तर उचलून वजनाचा अंदाज घ्या, आठवड्याभरात हाताला सवय होते.

फुलकिड्यांसाठी पांढऱ्या कागदावर फूल धरून टिचकी मारा. तिळाच्या टोकाएवढे, पिवळट, लांबुळके किडे कागदावर पळायला लागले तर तेच. शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर शंकाच नको. चुरडा-मुरडा म्हणतात तो इथूनच सुरू होतो. निळा चिकट सापळा झाडाच्या उंचीला टांगा (पिवळा पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी असतो). लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब, नीट घुसळून, पानांच्या खालच्या बाजूने, दर पाच-सहा दिवसांनी तीन वेळा.

इथेही फूल उमलायची वेळ पाळायची. कोणतीही फवारणी उमललेल्या फुलावर नको, निंबोळीचीसुद्धा नको. मिरची, टोमॅटो, काकडी, कारल्याला संध्याकाळी फवारा. दुधी, दोडका, पडवळाला मात्र फुलं मिटल्यावर, सकाळी. संध्याकाळी फवारलं तर नेमकं ज्याची वाट बघतोय त्याच फुलावर औषध जातं. वेलांची पानं साबणाने करपतात, म्हणून आधी एका पानावर फवारून दुसऱ्या दिवशी बघा.

वर सांगितलेलं उष्णतेचं गणित मिरचीलाही लागू आहे, फक्त ती टोमॅटोपेक्षा थोडी चिवट.

वांगं

वांग्याच्या फुलाचं मला फार अप्रूप वाटतं. उमललेल्या फुलात पिवळ्या परागकोशांच्या मधून एक काडी डोकावते. ती परागकोशांच्या वर आलेली किंवा बरोबरीला असेल तर त्या फुलाला फळ धरू शकतं. काडी आखूड, परागकोशांच्या आत दडलेली असेल तर ते फूल गळणार. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात, हा वांग्याचा स्वभावच आहे. त्यामुळे वांग्याची काही फुलं पडली म्हणून औषध शोधू नका. काडी वर आलेली फुलंही पडायला लागली तरच ऊन, पाणी, खत तपासा. टोमॅटोसारखी टिचकी इथेही उपयोगी पडते.

फूलच येत नाही तेव्हा

वालाबद्दल ही तक्रार हमखास येते. जानेवारीत किंवा मार्चमध्ये पावट्याचं घरचं बी लावलं, वेल छतापर्यंत गेला, फूल नाही. वालाच्या पारंपरिक जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. जून-जुलैमध्ये लावा, दिवाळीच्या आसपास वेल आपोआप तुऱ्यांनी भरतो.

करटुल्याचं वेगळं. त्याचे नर आणि मादी वेल स्वतंत्र असतात. बियांपासून एकच वेल लावला आणि तो नर निघाला, तर जन्मभर फुलेल आणि एकही करटुलं देणार नाही. मादी निघाला तरी जवळ नर हवाच. कंदापासून लावा, आणि देणाऱ्याला विचारून दोन्ही घ्या.

बाकी सगळ्यांना ऊन लागतं, निदान सहा तास. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, भर दुपारी खांबाची सावली पायाशीच नाहीशी होते. तेव्हापासून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावली दिवसापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात उन्हाने न्हालेली दक्षिणेची बाल्कनी मे-जूनमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते आणि उत्तरेच्या बाल्कनीला ऊन मिळतं. हिवाळ्यात भरभरून देणारी मिरची त्याच जागी जूनमध्ये का रुसते, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. कुंडी उचला आणि हलवा.

आणि परागीभवनाला मधमाश्या यायला हव्या असतील तर त्यांना बाराही महिने काहीतरी खायला ठेवा. मी तुळशीच्या आणि सब्जाच्या मंजिऱ्या खुडत नाही, कोथिंबिरीची चार झाडं फुलायला सोडते. पहिल्या वर्षी आमच्या गच्चीवर माश्या शोधाव्या लागायच्या. आता सातेरी आणि फुलोरी माश्या सकाळी कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर असतात आणि तिथून काकडीवर जातात. या वर्षी काकडीला मी हात लावला नाही, माश्यांनीच सगळं केलं. माश्यांची पेटी ठेवायचा विचार मनात आला तर आधी शिकून घ्या. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं.

धरलेलं फळ सडलं तर

सडलेलं फळ चिरून बघा. आत पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. तिने फळ कोवळं असतानाच सालीखाली अंडी घातलेली असतात, त्यामुळे अळ्या दिसल्यावर फवारून उपयोग नाही. दुकानात फळमाशीचा गंध सापळा मागताना वेलवर्गीय भाज्यांसाठी 'क्यू ल्यूर' मागा. आंबा-पेरूसाठी मिळतो तो 'मिथाइल युजेनॉल'चा, त्याकडे दुधी-कारल्याची माशी फिरकत नाही. मी पहिल्यांदा चुकीचा आणला होता आणि दीड महिना रिकाम्या डबीकडे बघत बसले होते. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून सापळा फुलोऱ्याच्या आधीपासून लावायचा आणि जोडीला फळ झाकायचं. हाताने परागीभवन केलेलं फूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी धरलंय असं दिसलं की जुन्या ओढणीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी त्यावर चढवून देठाशी नाडी बांधायची. कारल्याला वर्तमानपत्राची नळी पुरते, पण पावसात ती दोन दिवसांत बदलावी लागते.

सडलेली फळं कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, कुंडीतही पुरू नका. अळी मातीत उतरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच उठते. फळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून आठ दिवस कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर झाकणाच्या बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. आणि ज्या कुंडीवर ती फळं लोंबत होती, तिची वरची दोन-तीन बोटं माती उकरून उलटीपालटी करा, म्हणजे त्यात उतरलेले कोष उन्हात वर येतील. आमच्याकडे ते मग साळुंक्या टिपून नेतात.